मागलं दार

काळी नदीच्या पुलावर चाकांचा आवाज बदलला तसा भिकाजीने बर्थवरून पाय खाली सोडले, कोऱ्या फडक्यातली पुरचुंडी छातीशी धरली आणि खिडकीच्या गजांना तोंड लावून हाक मारली,

"हर्षद, पाणी आलं रे. चल."

वरच्या बर्थवरच्या माणसाने कूस बदलली. काल दुपारी कोची सोडल्यावर पहिल्या हाकेला सगळा डबा दचकून बघू लागला होता. एकाने विचारलं, तेव्हा भिकाजीच्या बायकोने, कमळाने पुरचुंडीकडे बोट दाखवलं. आता उजाडत आलं होतं आणि डब्याला त्या हाकेची सवय झाली होती.

पुरचुंडीत जीवखडा होता. चितेजवळून उचललेला, मुठीत मावेल एवढा दगड. दहाव्यापर्यंत गेलेल्याचा जीव त्यात असतो म्हणतात. ज्याने अग्नी दिला त्याने तो जपून गावी आणायचा, आणि वाटेत पाणी लागलं की गेलेल्याला नावाने हाक मारायची, ही रत्नागिरीतल्या मांडवीच्या त्यांच्या घराण्याची रीत. हाक चुकली तर तो बिचारा अलीकडच्या काठावरच बसून राहतो. ज्या पूर्वजाने ही रीत घातली त्याला फार तर एखादी खाडी ओलांडावी लागत असेल. कोचीपासून रत्नागिरीपर्यंत आगगाडी किती पाणी ओलांडते, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल. भिकाजीने रात्रभर डोळ्याला डोळा लावला नव्हता.

समोरच्या बर्थवर कमळा भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती जागी आहे हे त्याला ठाऊक होतं.

भिकाजीची उभी हयात मालवाहू बोटींवर खलाशी म्हणून गेली. समुद्राने त्याला पोटाला दिलं आणि पुरेपूर भीतीही दिली. पोराला तरी जमिनीवरची नोकरी मिळावी म्हणून त्याने दहा जणांचे पाय धरून हर्षदला मिरजोळ्याच्या एका कारखान्यात चिकटवलं. वर्ष भरायच्या आत पोरगा ती सोडून कोचीला, मोठी जहाजं ओढणाऱ्या टगवर निघाला. शिमग्याचे दिवस होते, पालखी दारात यायची होती, आणि भिकाजी ओटीवरून ओरडला होता,

"समुद्रावर जायचं तर जा! पण परत या घरात पाऊल टाकायचं नाय."

हर्षदने पिशवी उचलली आणि तो गेला. महिन्याभरात येईल नाक मुठीत धरून, असं बापाला वाटलं होतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि पीळ दोघांतही एकाच सुंभाचा होता. आईला पोराचा फोन यायचा. तेव्हा भिकाजी उठून अंगणात जायचा आणि ऐकू येईल एवढ्याच अंतरावर काहीतरी करत बसायचा.

मागल्या आठवड्यात आलेला फोन मात्र त्यानेच घेतला. धक्क्याला टगचा दोर बांधताना हर्षदचा पाय घसरला होता. दुसऱ्या दिवशी सापडला. गावी न्यायच्या स्थितीत देह राहिला नव्हता, म्हणून अग्नी तिथेच दिला.

गोव्यातली दोन मोठी पाणी गेली. दर पुलावर भिकाजीचा आवाज चढत गेला. ज्या तोंडाने येऊ नको म्हटलं, त्याच तोंडाने आता ये म्हणत होता, आणि पोर मागे राहिलं तर दोष कुणाला द्यायचा? 

कुडाळच्या पुढे रावजीचा फोन आला. हा चुलतभाऊ, वयाने मोठा, भावकीत त्याचा शब्द चालायचा.

"भिका, अंगणातल्या रातांब्याच्या झाडाला खुंटी मारून ठेवलेय. खडा थेट तिथं टांगायचा. घरात न्यायचा नाय हां, ध्यानात ठेव."

"होय," म्हणून त्याने फोन ठेवला आणि समोर पडलेल्या बायकोला विचारलं,

"येत असंल काय गो तो?"

कमळा उठून बसली. विस्कटलेले केस तिने सावकाश बांधले.

"येतोय. आधी पण यायचा."

"कधी?"

"तुम्ही जयगडला बहिणीकडे जायचात तेव्हा. दोनदा आला."

भिकाजीने पुरचुंडी मांडीवर टेकवली.

"मागल्या दारानं यायचा. पडवीत पान वाढलं. आत ये म्हणून किती विनवलं, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलंन नाय. म्हणाला, बाबांनी नको म्हटलंय. ते म्हणतील तेव्हा येईन." तिचा आवाज फाटला. "पाण्याचा तांब्यासुद्धा बाहेर नेऊन दिला मी. माझ्या पोराला, आपल्याच घरात."

"मला सांगायचं नाय?"

"शपथ घातलान मला."

जयगडहून परतल्यावर एका संध्याकाळी घरात शिंपल्यांचं, तिसऱ्यांचं सुकं होतं, आणि आज कसला सण म्हणून आपण हसलो होतो, हे भिकाजीला आठवलं. पोरासाठी केलेल्यातलं उरलेलं आपण मिटक्या मारत खाल्लं होतं. मागल्या दाराला बायको कडी का लावत नाही, कुत्री शिरतील, म्हणून रोज कुरकुरलो होतो, तेही आठवलं.

बोगदे संपले आणि पानवलचा उंच पूल आला. शेवटचं पाणी. भिकाजीने तोंड उघडलं, पण घशातून आवाजच निघेना. पूल अर्धा सरला. मग कमळा त्याच्या शेजारी येऊन बसली. ही हाक बाईमाणसाने मारायची नसते. तिने मारली.

"हर्षा, पाणी आलं रे बाळा."

ते घरी पोचले तेव्हा अंगणात भावकी जमली होती. रावजीने रातांब्याची खुंटी दाखवत हात पुढे केला.

"दे इकडं."

भिकाजीने पुरचुंडी दिली नाही. चपला काढून तो ओटीच्या पायऱ्या चढला.

"भिका! अरे घरात नाय नेत!"

दारात तो थांबला. पुरचुंडीकडे बघत, कुणाला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हणाला,

"मी म्हणतोय आता. ये." आणि त्याने उंबरा ओलांडला.

त्याच्या मागोमाग कमळा घरात शिरली. ती माजघरात थांबली नाही. सरळ पडवीकडे गेली, नुसतंच लोटलेलं मागलं दार नीट ओढून घेतलं आणि त्याला कडी घातली.