मोज्याचा दिवस

मित्रांनो, चार वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर येईल एवढ्याच उंचीवर मला ठोकले होते. मी सहा खुंट्यांची एक जुनी लाकडी फळी. आता एका मावशींच्या स्वयंपाकघरात माझ्यावर पळ्या आणि फडकी लटकतात. पण माझे खरे दिवस गेले ते पाळणाघरात.

पाळणाघर चालवणाऱ्या बाईंनी दिवसाचे वेळापत्रक सुरेख अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवले होते. मुले सांभाळणाऱ्या या मावशींना मात्र वाचता येत नव्हते. दोन दिवस त्यांनी ते कोणाला कळू दिले नाही. तिसऱ्या दिवशी झोपेच्या वेळी मुलांना जेवायला बसवले आणि बिंग फुटले. मावशींचा भाऊ सुतार. तो म्हणाला, "ताई, अक्षरांवाचून काय अडलंय? चित्रं काढतो."

एका मोडक्या दारातून त्याने मला कापले, रंधा मारला, खुंट्या ठोकल्या आणि त्यांवर टांगायला सहा पाट्या रंगवल्या. बूट काढणे, ठोकळे, ताट, उशी, अंगण आणि शेवटी घर.

"हा बटाटा कशाला?" मावशींनी विचारले.

"उशी आहे ती!"

एकेक काम झाले की मावशी पाटी उलटी करत. मुलेही मला वाचू लागली. आईवडील कौतुकाने माझ्यावरून हात फिरवत. तो स्पर्श अजून आठवतो.

त्या मुलांत एक मुलगी होती. रोज सकाळी कमरेवर हात ठेवून ती माझ्या सगळ्या पाट्या तपासायची, म्हणून मावशी तिला 'मुकादम' म्हणत. तपासणी झाली की मगच ती आईचा हात सोडायची.

एके दिवशी गटार तुंबले म्हणून माणसांनी अंगण खणायला घेतले. 'सकाळी सकाळी कशाला रडवायचं पोरांना?' असे म्हणत मावशींनी अंगणाची पाटी तशीच राहू दिली. मुले झोपून उठली, तर दाराला कडी!

"फळीवर अंगण आहे!" मुकादम ओरडली.

"अगं, आज नाही जमायचं."

"फळी खोटं बोलते!"

मित्रांनो, लाकडाला रडता आले असते, तर मी तेव्हा रडले असते.

दुसऱ्या दिवशी मुकादम आली ती तपासणी न करताच. बूट काढेना, जेवेना, आडवी होईना. घराच्या पाटीखाली दप्तर मांडीवर घेऊन बसून राहिली. बाई म्हणाल्या, "हट्टी आहे, येईल ताळ्यावर." मावशी मात्र तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या.

"काय झालं, मुकादम?"

ती दप्तर घट्ट धरून म्हणाली, "अंगण खोटं होतं. मग घर पण खोटं. आई येणारच नाही."

मावशींचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "चूक माझी आहे, फळीची नाही. मला सकाळीच ठाऊक होतं आणि मी सांगितलं नाही. आजही अंगण नाही. ही पाटी तूच काढ."

मुकादमने दोन्ही हातांनी पाटी उतरवली. मग तिला रडू आले. मावशींनी "रडू नको" म्हटले नाही. थोड्या वेळाने तिने रिकाम्या खुंटीकडे बोट दाखवले. "इथे काय?"

"तू सांग."

तिने विचार केला. मग बूट काढला, मोजा काढला आणि तो माझ्या खुंटीवर अडकवला. "हे म्हणजे दुसरं काहीतरी."

"वास मारतंय की दुसरं काहीतरी!" मावशी म्हणाल्या, आणि ती खुदकन हसली.

"आणि घर?" तिने विचारले.

"कधी आई येईल, कधी मामा. कधी उशीरही होईल. पण कोणी येईपर्यंत मी कुठेही जाणार नाही."

मुकादमने दुसरा बूटही काढला आणि ताटावर जाऊन बसली.

तेव्हापासून बेत बदलला की माझ्यावर कोणाचा ना कोणाचा मोजा लटके. मुले कुरकुरत, एखादे भोकाड पसरी. पण दुसऱ्या दिवशी ती मला पुन्हा वाचत.

पुढे पाळणाघर मोठ्या जागेत गेले. तिथे छापील तक्ता आला, काचेआड, कोणाचा हात न पोचणारा. मला अडगळीत टाकले. तिथून मावशींनी मला घरी आणले.

मित्रांनो, तुमच्या घरी धाकटे भावंड असेल. ठरलेले काही बदलले तर 'त्याला काय कळतंय' म्हणून लपवू नका. आधी सांगा. ते रडेल, रडू द्या. जवळ बसा. आणि पाटी असेल, तर ती त्याच्याच हाताने उतरवू द्या.