मासे न खाणाऱ्यांचं तळं

मोहोळजवळच्या गुरुशांत अण्णांच्या मत्स्यशेतीच्या फाटकावर पाटी होती : 'कामगार पाहिजे. पंधरा दिवस प्रशिक्षण. मासे खाणाऱ्यांनी येऊ नये.'

अण्णांच्या घरात अंडंसुद्धा येत नसे, पण ही अट काही त्यासाठी नव्हती. आधीच्या कामगारांनी तळ्यातले मासे इतक्या मायेनं सांभाळले, की निम्मे त्यांच्याच पोटात गेले. तेव्हा अण्णांनी कानाला खडा लावला.

सोनम करमाळा तालुक्यातली, उजनी धरणाच्या काठची. तिचे वडील सिदू मेंढरं घेऊन आठ-आठ महिने गाव सोडून हिंडायचे आणि लहानपणापासून तीही मागं हिंडायची. एका जागी राहून करायचं काम तिला पहिल्यांदाच दिसलं होतं. घरी चिलापी माशाच्या कालवणावर ताव मारणाऱ्या या पोरीनं अर्जात खुशाल 'शाकाहारी' लिहिलं.

उमेदवार सात, जागा एक. प्रशिक्षण देणाऱ्या चंद्रिका मॅडम मत्स्यशास्त्र शिकलेल्या, पण मासा चाखलेला नाही. खाद्य किती टाकायचं, पाणी कसं तपासायचं, जाळं कसं ओढायचं, सगळ्यात सोनम पुढं. नोकरी आपलीच, असं तिला वाटायला लागलं होतं.

पंधराव्या दिवशी सोलापूरच्या खानावळीला गेलेला टेम्पो जवळजवळ भरलेलाच परत आला. दुसऱ्यांदा.

"मासा ताजा हाय वो अण्णा," टेम्पोवाला म्हणाला, "पण गिऱ्हाईक एक घास खाऊन ताट सारतंय."

अण्णांनी कल्ले उघडून पाहिले, लालभडक. मॅडमनी तळ्याचं पाणी तपासलं, झकास. मग सगळेच त्या माशांकडं बघत बसले. एवढ्या माणसांत माशाला तोंड लावणारं कुणी नव्हतं, आणि तशी अट घालायची हौस अण्णांचीच.

सोनमनं एक मासा नाकाशी नेला. काय बिघडलंय ते तिला कळलं. बोललं तर नोकरी जाणार. न बोललं तर चांगल्या माशांची बदनामी होणार, आणि तेच तिला सोसेना.

"अण्णा, ह्यो जरा भाजून बघू का?"

राखणदाराच्या चुलीवर हळद-मीठ लावून तिनं तुकडा भाजला आणि सगळ्यांसमोर खाल्ला.

"चिखल लागतोय. आमची आई असले मासे चार-पाच दिवस चांगल्या पाण्यात सोडती. खायाला कायबी द्यायचं न्हाय. वास निघून जातो."

"तू मासं खातीस?" अण्णांनी विचारलं.

"व्हय. लई आवडतात."

"मग अर्जात खोटं लिवलंस की."

"व्हय अण्णा." ती पिशवी उचलायला वळली. डोळ्यांत पाणी आलंच.

"अण्णा, ती सांगते ते शास्त्राला धरून आहे," चंद्रिका मॅडम म्हणाल्या. "मला ठाऊक होतं, पण वाचलेलं. जिभेला कुठं माहीत?"

अण्णा मान खाजवत राहिले. मग म्हणाले, "पाच दिवस थांब. तळ्यातले दहा मासे टाकीत सोडतो, पाणी वाहतं ठेवू. चव आली तर जागा तुझी. न्हाय आली तर तुझी पिशवी आन् तू."

ते पाच दिवस सोनमनं टाकीचा काठ सोडला नाही.

सहाव्या दिवशी दुपारी चुलीवरून मासा उतरला. अण्णा नाकाला उपरणं लावून, पण अगदी समोरच बसले. सोनमनं पहिला घास घेतला. मग दुसरा. तिसरा. काटे बाजूला पडत होते, बाई मात्र बोलायला तयार नाही.

"अगं, कसं हाय ते सांग की," अण्णा कासावीस झाले.

तोंडातला घास संपवून सोनमनं मान वर केली. "अण्णा, भाकरी हाय का?"

अण्णांनी शेजारचा आपला डबा ओढला, त्यातली कडक भाकरी मोडली आणि मोठा तुकडा तिच्या हातावर ठेवला.