बमरोलीच्या बंद मिलचा टोल

मित्रांनो, मी रेल्वेचा एक जुना रूळ आहे. अख्खा रूळ नव्हे, हातभर लांबीचा तुकडा. सुरतजवळच्या बमरोलीत एका कापड मिलच्या अंगणात मला साखळीनं टांगलं होतं. मालकाला भोंग्याचा खर्च नको होता, म्हणून माझी वर्णी लागली. सगळे मला टोल म्हणायचे.

परभणीकडून आलेला भिवा मला वाजवायचा. पाळी सुरू होताना तीन टोले, जरा थांबून पुन्हा तीन. आमच्या आणि शेजारच्या कारखान्यांत इतके माग खडखडत, की माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येत नसे. पण माझा आवाज भिंतीपलीकडच्या वस्तीत शेवटच्या खोलीपर्यंत जायचा. पहिला टोल पडला की पुरुष सदरा अडकवून धावत आणि बायका डबा बांधत. खोटं कशाला सांगू, मला त्याचा गर्व होता.

१९९३ साली मिल बंद पडली. शेवटच्या दिवशी भिवानं मला वाजवलं नाही, नुसता अंगावर हात ठेवला आणि गेला. पुढे तो कापडाचे गठ्ठे हातगाडीवर ओढू लागला. माझ्याकडे तीन वर्षं कुणी फिरकलं नाही. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय! मी गंजत राहिलो आणि मनातल्या मनात चिडत राहिलो.

मग एका दिवाळीच्या सुट्टीत मागच्या भिंतीच्या भगदाडातून दोन मुली आत शिरल्या. एक भिवाची रूपाली, दुसरी तिची मैत्रीण मनीषा. रूपालीला बंद इमारतींचं भारी वेड. वडील मिलबद्दल घरी चकार शब्द काढत नसत, म्हणून ते कुठे उभे राहत, कुठे जेवत, हे तिला स्वतःच शोधायचं होतं. भिंतींवर कामगारांनी खिळ्यानं कोरलेली नावं ती मोठ्यानं वाचायची, उखडलेल्या मागांच्या जागा मोजायची आणि वहीच्या मागच्या पानावर मिलचा नकाशा काढायची. घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. मी तिला कौतुकानं न्याहाळत असे. इतक्या वर्षांनी कुणीतरी आमच्याकडे बघत होतं, हे मला फार आवडलं.

नकाशात एकच खोली राहिली होती, सुताला वाफ देण्याची. तिचं दार लोखंडी, जाड आणि आत खिडकी नाही. एका दुपारी रूपाली एकटीच आत गेली आणि ते जड दार आपल्या वजनानं मिटलं. बाहेरची कडी खळकन पडली. मनीषानं ती दोन्ही हातांनी ओढली, पण गंजलेली कडी हलेना. आतून रूपाली दार बडवत होती, तो आवाज अंगणातसुद्धा जेमतेम पोचत होता. मनीषा ओरडून ओरडून दमली. शेजारच्या कारखान्यांतले माग अजून खडखडत होते, त्यांच्यापुढे तिचं काय चालणार? भगदाडातून जावं, तर मैत्रिणीला सोडून पाय निघेना. माझा तर जीव टांगणीलाच लागला होता.

तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली. मिल चालू होती तेव्हा भिवा घरी कधीतरी थाळीवर पाळीचा टोल वाजवून दाखवायचा, तो तिला आठवला. तिनं पडलेला गज उचलला आणि मारला. तीन. थांबली. पुन्हा तीन.

मी जीव खाऊन वाजलो.

वस्तीत काय झालं, ते मला नंतर कळलं. मिल सुरू झाली, असंच सगळ्यांना वाटलं. जेवता जेवता माणसं उठली. भिवा हातगाडी रस्त्यातच टाकून धावला. त्याची बायको अंजनाबाई घाईघाईनं भाकरी-चटणी बांधून त्याच्या मागे निघाली, कारण डबा राहिला होता. फाटकावरचा पहारेकरी मगन दचकून जागा झाला. "शेठ आवी गया के शूं?" म्हणत त्यानं सदऱ्याची बटणं लावली आणि शेठ मागच्या दारानं आले असतील असं समजून तीन वर्षांचं कुलूप उघडलं.

वीस-पंचवीस माणसं हजेरीसाठी आत आली. समोर शेठ नव्हते. गज धरून रडणारी मनीषा होती. तिनं वाफेच्या खोलीकडे बोट केलं आणि रूपालीचं नाव घेतलं.

भिवा पांढराफटक पडला, पण हात विसरले नव्हते. "कडी ओढू नका, दार आधी वर उचला," तो म्हणाला. चौघांनी पहार घालून दार उचललं, त्यानं कडीवर खालून घाव घातला. दार उघडलं. घामानं निथळलेली रूपाली बापाच्या गळ्यात पडली. तिच्या हातात वही तशीच होती.

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. कामाची आशा फुकट गेली होती, तरी एकही चेहरा हिरमुसलेला नव्हता. कुणीतरी हसून म्हणालं, चला, आजची पाळी झाली. अंजनाबाईनं आधी लेकीला एक धपाटा घातला, मग पायरीवर बसवून तिला बापाची भाकरी भरवली. भिवानं वही उघडली, नकाशा बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "ह्यात माझी जागा चुकली गं. चल, दावतो." त्या दिवशी बापलेक हातात हात घालून सगळी मिल फिरले.

भगदाड बुजवलं गेलं. मला भंगारात जाऊ न देता लोकांनी वस्तीतल्या कडुलिंबाला टांगलं. मित्रांनो, जुन्या जागा जरूर बघा, आम्हाला बरं वाटतं. पण एकट्यानं जाऊ नका, मोठ्या माणसाला बरोबर घ्या आणि घरी सांगून जा. रूपाली अजून बापाबरोबर जुन्या इमारती बघत हिंडते. निघताना मला एक टोला देते, परतल्यावर दुसरा. दुसरा पडेपर्यंत मला चैन नसते. आत्ताच पडला.