काळं सरीत की वरंब्यावर?

मी डर्मोस्कोप बोलतोय. नाव जड वाटलं तर भिंग म्हणा, दवाखान्यात सगळे तेच म्हणतात. न टोचता, न कापता कातडीच्या आतलं दाखवायचं हे माझं काम. बीड जिल्ह्यातल्या या छोट्या दवाखान्यात माझं स्वागत काय जोरात झालं! नारळ फुटला, आणि कुंकू नेमकं माझ्या काचेवर लावलं. आठवडाभर मला सगळं जग लालभडक दिसत होतं.

पुढची दोन वर्षं मी फार थोर कामं केली. कंपाउंडर पंडितच्या बोटातलं कुसळ शोधलं. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरसाहेबांना गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक तारीख वाचून दिली. कातडीचा रोगी तेवढा कुणी दाखवला नाही.

मग मंजुषा डॉक्टर रुजू झाल्या, आणि भादव्यात ऊसतोड करणारी साखराबाई आली. टाचेवर काळा डाग, वर्षभर वाढत चाललेला. काटा मोडला म्हणून तिनं बिब्बा लावला होता, तेव्हापासून जो तो सांगे, बिब्बा उतलाय, त्याच्या तेलानं कातडी भाजलीय. साहेबांनीही खुर्चीतून न उठता तेच निदान केलं. इतक्या लांबून दिसत असेल तर मी हवाच कशाला?

मंजुषाताईंनी मला टाचेवर टेकवलं. आत पाहिलं आणि माझी सगळी टवाळी जिरली. मला भीती वाटली.

तिचा नवरा बंकट म्हणाला, दसरा झाला की ऊसतोडीची टोळी निघणार, आता कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, सहा महिन्यांनी बघू. ताईंनी कॅन्सरचा संशय सांगितला. तो आपला दसऱ्याचाच हिशेब मांडत राहिला. मग त्यांनी मला मोबाईल जोडून काढलेला फोटो साखराबाईपुढे धरला.

"तळव्याच्या या रेघा म्हणजे सरी-वरंबा समजा. रेघेची खाच ती सरी, मधला उंचवटा तो वरंबा. साध्या तिळाचं काळं बहुतेक सरीत असतं. तुमचं वरंब्यावर आहे."

साखराबाईनं फोटोतल्या रेघांवरून बोट फिरवलं.

"वरंब्यावर ऊस न्हाई लावत कुणी," ती नवऱ्याला म्हणाली. "तण हाय ते. कशापायी ठिवायचं?"

अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात डागाचा तुकडा तपासला. कॅन्सरच होता, पण अजून वरवरचा. काढून टाकला.

आज ती टाके दाखवायला आली, ती टोळीतल्या सात बायांना घेऊनच. सातही जणी तळवे तपासून घ्यायला चपला काढून बाकड्यावर बसल्यात. उद्या पहाटे टोळी निघणार. आणि माझ्यातलं चार्जिंग संपलंय, माझा चार्जर साहेबांच्या मोबाईलला लागलाय. अहो, कुणीतरी साहेबांना म्हणा, ते रील दोन मिनिटं राहू द्या. मला डोळा उघडायचाय.