एक बाप्पाची, एक उंदराची

लिफ्टचं दार खांद्याने अडवून धरत जयंती म्हणाली, "राग मानू नकोस, पण तुझी सासू दुपारची जुगार खेळते."

अस्मिता हसली. एका हातात डबा, दुसऱ्या हातात छत्री, आणि चारकोपहून वांद्र्याच्या ऑफिसात वेळेवर पोचायचं होतं.

"सिरियल बघत असतील गं."

"सिरियलमध्ये 'दांव लगाइए' म्हणतात का? समोरासमोर दारं आपली. मला सगळं ऐकू येतं. बाईचा आवाज असतो, गोड गोड, हिंदीतला. आणि तुझी पोरगी तिथेच बसलेली असते ना?"

"आमच्या आईंना साधा व्हिडिओ कॉल घेता येत नाही. जुगार कसला खेळतायत! सोड आता दार, वाट लागेल माझी."

जयंतीने दार सोडलं. तळमजला येईपर्यंत अस्मिताच्या डोक्यात ऑफिसच्या मीटिंगचे विचार सुरू झाले होते.

ती गोष्ट परत आठवली ती श्रावणातल्या एका सोमवारी संध्याकाळी. गार्गी जेवून ताटावरून उठली आणि जागच्या जागी थबकली. तिने दोन्ही हात पुढे केले, तळवे छताकडे, मग उलटे, बोटं फाकवून. मग शहाण्यासारखी हात धुवायला गेली.

"हे काय केलंस?" अस्मिताने विचारलं.

"उठताना असं दाखवायचं असतं. काही चोरलं नाही म्हणून."

"कुणी शिकवलं?"

गार्गीने आजीकडे पाहिलं. सुगंधाबाई ओट्यापाशी पाठ करून उभ्या होत्या. त्या भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवत होत्या. ते नीट बसलेलं असूनही त्यांनी पुन्हा उचलून ठेवलं.

"पोरांचा काय," त्या म्हणाल्या. "काय पण करतात."

अस्मिता सोफ्यावर बसली आणि लेकीला जवळ घेऊन हलक्या आवाजात म्हणाली, "मला पण शिकव ना तुमचा खेळ."

चार वर्षांची पोर ती, तिला एवढंच हवं होतं. टीव्हीखालच्या खणातून तिने पत्त्यांचा जोड आणला आणि चटईवर फतकल मारली. मधोमध एक पत्ता उलटा टाकला, मग उघडला. किलवरची सत्ती.

"हा जोकर. आता एक पत्ता आत, एक बाहेर, एक आत, एक बाहेर. सत्ती जिकडे येईल ते जिंकलं. तू सांग, आत का बाहेर?"

"आत."

"आणि हा काळा आहे ना, म्हणून पहिला पत्ता आत. लाल असला की पहिला बाहेर. विसरायचं नाही हं."

वाटायला घेण्याआधी गार्गीने सत्तीवर बोटाने एक टिचकी मारली.

ही टिचकी अस्मिताच्या ओळखीची होती. लग्नानंतर पहिल्यांदा गणपतीला कुडाळजवळच्या घरी गेली, तेव्हा रात्रीच्या जागरणाला सगळं घर पत्ते खेळत बसलं होतं. मधल्या पत्त्यावर दोन टिचक्या मारल्याशिवाय तिथे कुणी वाटायला घेत नसे. एक बाप्पाची, एक उंदराची. विसरणाऱ्याला सगळे मिळून चिडवायचे.

"उंदराची राहिली की," अस्मिता म्हणाली.

"आज एकच होती," गार्गी म्हणाली.

स्वयंपाकघरात पाण्याचा नळ सुरू होता. तो बंद झाला.

टिचकी गावची होती, पण ते काळ्या-लालचं गावात नव्हतं. तिथे पहिला पत्ता नेहमी आतच पडायचा. गार्गीला झोपवता झोपवता अस्मिताने मोबाईलवर शोधलं. लगेच सापडलं. एका पानावर हा खेळ कसा खेळायचा ते रंगीत चित्रांसकट समजावलं होतं. जोकर काळा असेल तर सुरुवात अंदर, लाल असेल तर बाहर. कसिनोत खेळतात तो प्रकार हाच, असं खाली लिहिलं होतं. आणखी खाली, पत्ते वाटणाऱ्या मुलींनी टेबल सोडताना कॅमेऱ्याला दोन्ही तळवे कसे दाखवायचे, त्याचंही चित्र होतं.

तिने झोपलेल्या लेकीचा हात उचलून पाहिला, बोटं मिटवली आणि पांघरुणात ठेवला.

सकाळी तिचा नवरा नितेश कामावर निघाला तेव्हा त्याला सांगावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण तो बूट घालता घालता गार्गीला गुदगुल्या करत होता. संध्याकाळी सांगू, असं तिने ठरवलं. ऑफिसला फोन करून सुट्टी घेतली. आधी स्वतः बघायचं होतं.

सुगंधाबाई फुलं आणायला कोपऱ्यावर गेल्या. त्यांचा मोबाईल देवघराशेजारी चार्जिंगला लावलेला होता. उघडायचा आकडा अस्मिताला ठाऊक होता, कारण तो तिनेच लावून दिला होता. अधूनमधून ती तो मोबाईल बघायचीही. म्हाताऱ्या माणसांना कसले कसले फोन येतात, या काळजीने.

मोबाईलच्या दुसऱ्या पानावर, पंचांगाच्या अ‍ॅपशेजारी, लाल चौकोन होता.

उघडल्याबरोबर लाल कापडाचं टेबल दिसलं. पलीकडे चंदेरी झग्यातली एक गोरीपान मुलगी हसत होती. "नमस्ते जी, अपना दांव लगाइए," ती म्हणाली, शब्द कुणीतरी लिहून दिल्यासारखे. तिच्या बोटांनी झपझप पत्ते टाकले. अंदर, बाहर, अंदर. अस्मिताच्या पायात गार्गी घुटमळत होती. तिने मान उंचावून पाहिलं आणि म्हणाली, "ही नाही."

"कोण नाही?"

"ही वाली नाही. आमची दुपारी येते."

आमची. अस्मिताने टेबल बंद करून चौकोनावर बोट दाबून धरलं, काढून टाकायचं का असं मोबाईलने विचारलं, तिने हो म्हटलं. मोबाईल होता तसा चार्जिंगला लावला. सुगंधाबाई आल्या तेव्हा ती कणीक मळत होती.

"आज गेली नाहीस?"

"डोकं दुखतंय."

सुगंधाबाईंनी तिच्या कपाळाला हात लावून बघितला, आलं घालून चहा केला, कप तिच्यापुढे ठेवला. अस्मिताने तो थंड होऊ दिला.

दुपारची जेवणं झाली. सुगंधाबाईंनी ओटा पुसला, केस विंचरले, साडीच्या निऱ्या सारख्या केल्या. कुणी पाहुणा यायचा असल्यासारखं. मग आतल्या खोलीत पलंगावर बसून मोबाईल हातात घेतला. अस्मिता कपड्यांच्या घड्या घालायच्या निमित्ताने दारापाशी बसली.

पाठीमागून तिला फक्त अंगठा दिसत होता. तो एका पानावरून दुसऱ्यावर गेला. परत आला. पंचांगापाशी थांबला. मग पुन्हा सगळी पानं, हळू, एकेक.

"अस्मिता."

"काय?"

"माझा ता लाल खंय गेला?"

चाळीस वर्षं मुंबईत काढलेली बाई एरवी इथल्यासारखंच बोलायची. मालवणी तोंडात यायची ती फक्त घाबरल्यावर.

"मी काढून टाकलं," अस्मिता म्हणाली. सकाळपासून जुळवलेली वाक्यं तयार होती, आणि ती एकामागून एक बाहेर आली. "आई, घरात लहान मूल आहे. ती कसिनोचे नियम पाठ म्हणून दाखवते. शेजारी बोलतात. मी तुमच्या भरवशावर तिला ठेवून जाते, आणि तुम्ही तिला मांडीवर घेऊन जुगार खेळता?"

सुगंधाबाईंनी मोबाईल बाजूला ठेवला. त्यांचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले, रिकामे.

"माका खेळूक खंय येता गो," त्या म्हणाल्या. "मी नुसती बघीत बसतंय. पैसे नाय लावले की थोड्या येळान भायर काढतत, मगे परत आत जातंय."

"काय बघायला?"

उत्तर गार्गीने दिलं. ती पलंगावर चढली, आजीच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "मीराआत्याला."

आत्या म्हटल्यावर एकच माणूस होतं, आणि तिचं नाव मीरा नव्हतं. नितेशची धाकटी बहीण श्रुतिका. गोव्याला बोटीवरच्या कसिनोत पत्ते वाटायच्या नोकरीला लागली, तेव्हा दोन वर्षांपूर्वीच्या गणपतीत, भरल्या घरात नितेश तिला म्हणाला होता की आता परत येऊ नकोस. ती आली नाही. पुढे परदेशात कुठेतरी चांगलं काम मिळाल्याचं कानावर आलं, एवढंच. आणि अस्मिता त्या वेळी सासूला म्हणाली होती, गार्गीसमोर तो विषय नको.

"मीरा तिथला नाव," सुगंधाबाई म्हणाल्या. "एकदाच फोन केल्यान, कोणाच्या तरी मोबाईलवरून. तिचो फोन जमा करून घेतल्यानी. पासपोर्टय त्यांच्याकडेच. म्हणाली, आये, दुपारची ह्या टेबलावर आसतंय, तू येऊन बस. बोलूक गावायचा नाय, पण बरी आसलंय तर दोन टिचके मारीन."

अस्मिताच्या हातात गार्गीचा फ्रॉक होता, अर्धी घडी घातलेला.

"एक बाप्पाची," गार्गी म्हणाली, "एक उंदराची."

"काल एकच मारल्यान," सुगंधाबाई म्हणाल्या.

बाहेर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं. अस्मिताने फ्रॉक खाली ठेवला, सासूच्या शेजारचा मोबाईल घेतला.

"तिने लिंक पाठवली असेल ना? मेसेज असेल."

"होतो."

"मग?"

सुगंधाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"तू माझो मोबाईल बघतंस," त्या म्हणाल्या. "म्हणान नंबरासकट पुसून टाकलंय."

त्या संध्याकाळी नितेशला सगळं सांगितलं गेलं, पण सकाळी ठरवलं होतं ते नव्हे. तो तसाच उठून पोलीस चौकीत गेला, अस्मिताही गेली. कोणता देश, कोणती कंपनी, शेवटचा फोन कोणत्या नंबरवरून, साहेबांनी विचारलं. मांडीवरचं हेल्मेट गोल गोल फिरवत नितेश एकाच प्रश्नाचं उत्तर देऊ शकला. बेपत्ता व्यक्ती तुमची कोण?

"माझी बहीण," तो म्हणाला.

तक्रार लिहून घेतली आहे. कळवतो म्हणालेत.

गार्गी हल्ली दुपारची पाळणाघरात असते आणि अस्मिता घरूनच काम करते. दुपारी सासूसुना पलंगावर शेजारी बसतात, आतून कडी लावून. त्या लाल चौकोनाखालचं नाव दोघींपैकी कुणालाच आठवत नाही, आणि अशी टेबलं शेकड्यांनी आहेत. सगळ्यांचं कापड लाल. मुली सगळ्या हसतात. साइटचा कालचा पत्ता आज उघडत नाही, तिथे दुसरंच काहीतरी निघतं. एका टेबलावरून बाहेर काढलं की त्या पुढच्यावर जातात. सुगंधाबाईंची नजर चेहऱ्यावर नसते, चेहरे मेकअपमध्ये ओळखू येत नाहीत. ती हातांवर असते. एकदा लिफ्टपाशी जयंतीने नितेशला बाजूला घेऊन सांगितलं म्हणे, राग मानू नका भावजी, पण आता तुमची बायको पण.

नितेशने तिला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जयंती स्वतःचा मोबाईल घेऊन दारात उभी राहिली. "मी कुठली टेबलं बघू ते सांग," ती म्हणाली.

तेव्हापासून अस्मिता कुणालाही विचारते. पाळणाघराच्या फाटकापाशी, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात, ऑफिसात, ओळखीच्यांना आणि नसलेल्यांनाही. लोक आधी संशयाने बघतात. ते तिला समजतं. तुम्हालाही ती हेच विचारेल. तुमच्या घरात कुणी खेळत असेल तर त्यांना रागावू नका असं ती म्हणत नाही, नंतर रागवा. आधी त्यांच्या खांद्यावरून एकदा बघा. मीरा नावाची मुलगी असेल, उजव्या अंगठ्यापाशी विळीने कापल्याचा जुना वण असेल, मेकअप तिथवर पोचत नाही. ती मधला पत्ता उघडेल. लगेच नजर काढू नका. तिचं बोट पत्त्यावर आलं की मोजा, आणि आम्हाला सांगा. एकच होती की दोन.