कालीबाईच्या जखमेतला मी

घाबरू नका, मी एक जंतू बोलतोय. डोळ्यांना दिसण्याइतका मोठा नाही. पण नंदुरबार जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात माझं नाव निघालं की डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडते.

आमच्यात आईबाप नसतात. एकाचे दोन होतात, दोनाचे चार. त्यामुळे माझ्या पूर्वजांवर जे गुदरलं, तेही मी माझंच म्हणून सांगतो.

मी मूळचा जाहेदा नावाच्या एका म्हातारीच्या आतड्यातला. तिथे निमूट राहायचो. तिला मात्र वरचेवर लघवीची जळजळ व्हायची. मग तिचा मुलगा अनीस औषधाच्या दुकानातून गोळ्या आणायचा. जरा बरं वाटलं की जाहेदा गोळ्या बंद करायची. दर वेळी आमच्यातले दुबळे मरायचे, चिवट तेवढे उरायचे. मी त्या उरलेल्यांतला.

पुढे खुब्याचं हाड मोडून ती दवाखान्यात आली. तिथे तिला लघवीची नळी लावली, आणि नळीच्या पिशवीत मीही उतरलो.

शेजारच्या खाटेवर काठी गावची कालीबाई होती. लाकूड फोडताना कुऱ्हाड पायावर बसली होती. जखम खोल, टाके ताजे. तिचा नवरा दलसिंग खाटेपासून हलत नसे.

एका दुपारी अनीस चहा आणायला गेला होता. जाहेदाची पिशवी तुडुंब भरली.

"भाई, एवढी रिकामी करशील?" ती संकोचाने म्हणाली.

दलसिंगने तोंड वाकडं न करता ती रिकामी केली. परतला तर कालीबाईची पट्टी सरकलेली. अगदी हळुवार हातांनी त्याने ती नीट बसवली. त्या हातांवर मी होतो.

मला काय, ऊब मिळाली आणि मी वाढलो. कालीबाईला ताप चढला, जखमेतून पू येऊ लागला. इंजेक्शनं सुरू झाली. मला ती औषधं जुन्या ओळखीची. मी जागचा हललो नाही.

"मोठं इंजेक्शन दे ना, डॉक्टर," दलसिंग काकुळतीला आला.

"मोठं-लहान असं नसतं, दादा. याला कोणतं लागू पडतं ते बघू."

जखमेतला पू तपासायला गेला. तिथे काचेच्या ताटलीत वेगवेगळ्या औषधांच्या चकत्या ठेवल्या होत्या. मी बहुतेक चकत्यांना अगदी खेटून वाढलो. एकीच्या जवळ मात्र मला जाता आलं नाही.

"एकच औषध उरलंय," डॉक्टर म्हणाले. "मूत्रपिंडांना जड जातं. तेही नाही चाललं, तर पाय कापावा लागेल."

दलसिंगने पट्टी बदलायला आलेल्या कोकिळा सिस्टरला विचारलं, "हे आलं कुठून?"

"हातवर बशीसन येतस, भाऊ. एकना आंगवरथीन दुसराना आंगवर."

त्याने आपले तळवे पाहिले. त्याला ती दुपार आठवली असावी, कारण तो खाटेकडे पाठ करून रडला. कालीबाईने त्याला जवळ बोलावलं आणि आपल्या बोलीत समजावलं: म्हातारीला मदत केलीस ते बरंच केलंस, फक्त मधे हात धुवायचे राहिले.

ते औषध सुरू झालं. जखमेतले माझे भाऊबंद एकेक करून फुटले, विरघळले. कालीबाईचा चेहरा सुजला, अन्न नकोसं झालं. रोज तिचं रक्त तपासत होते. दलसिंग आता प्रत्येक वेळी साबणाने कोपरापर्यंत हात धुई आणि अनीसलाही हाताला धरून बेसिनवर नेई. हळूहळू ताप उतरला. पाय वाचला. घरी जाताना ती थोडी लंगडत होती, पण स्वतःच्या पायांनी जात होती. जाहेदाने खाटेवरून तिला दुवा दिली.

मी अजून इथेच आहे, बेसिनच्या जाळीखालच्या ओलीत. माझं तुमच्याशी वैर नाही. जगणं एवढंच मला येतं. म्हणून सांगतो, हात धुवा. डॉक्टरांनी न दिलेली गोळी घेऊ नका, दिलेली अर्धी सोडू नका. त्या शेवटच्या औषधाने जे मेले, ते मेले. इथे उरलेल्या आम्हा जंतूंची आणि त्याची अजून ओळख नाही.

ती करून देऊ नका.