उद्याचा वायदा

"उद्या या, काका," हनुमान म्हणाला, आणि म्हणताना त्यानं मानसुद्धा वर केली नाही.

समोरच्या खुर्चीत काकासाहेब बसले होते. एकेकाळी देवगाव रंगारीचे बडे बागायतदार, आता शहराच्या कडेला प्लॉट पाडून विकणारे.

"कालबी उद्याच म्हणला होता."

"मुंबईहून डिस्कच मिळंना. माझ्या हातात काय हाय?"

खोटं! धडधडीत खोटं. सगळं हनुमानच्याच हातात होतं. मुकुंदवाडी स्टेशनामागच्या खोलीत बसून तो मुंबईतले सर्व्हर सांभाळायचा. त्यातला एकही त्यानं डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. "आमी मेंढरामागं पायाचे तुकडे पाडले, अन् तू बसलाय उंटावरून शेळ्या हाकत," असं त्याचा बाप सूर्यभान हसून म्हणायचा.

काकासाहेबांच्या पोरानं, शिवमनं, पुण्याला जाण्याआधी घरचं आणि धंद्याचं सगळं चित्रीकरण त्या सर्व्हरवर टाकलं होतं. आता तिथली डिस्क तुडुंब भरली होती, वर तिनं अंगही टाकायला घेतलं होतं. उपाय साधा होता. मोठी नवी डिस्क भाड्यानं घ्यायची, जुनीला जोडायची आणि सगळा माल तिच्यावर सरकवायचा. पुढं जागा कमी पडली की आणखी एक जोडायची, कोठार वाढतच जातं. चहा गार व्हायच्या आत ते मार्गी लागलं असतं. नाही केलं तर रोज थोड्या थोड्या फाइली कायमच्या जायच्या.

रोज आल्या आल्या हनुमान पडद्यावरच्या लाल खुणा बघायचा. आजही गेल्या? जाऊ द्या! प्लॉटांवरून ड्रोन फिरवून काढलेली चित्रं ती, त्यांचं कसलं सुतक? त्याच्या जिवाला गार वाटायचं.

का नाही वाटणार? गावाकडच्या त्या मोठ्या दुष्काळात तो पोरसवदा होता, पण विसरला काहीच नव्हता. उन्हाळ्यात त्यांची मेंढरं काकासाहेबांच्या रानात बसायची. लेंडीखत मालकाला, बदल्यात विहिरीचं पाणी मेंढरांना, असा बापजाद्यांपासूनचा रिवाज होता. त्या साली मेंढरं बसली, रान खतानं काळं झालं, आणि मग काकासाहेबांनी विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीला कुलूप घातलं. पाणी मोसंबीला हवं होतं ना! सूर्यभान रोज त्यांच्या दारात जाऊन उभा राहायचा. हा मोठा माणूस 'नाय' कधीच म्हणाला नाही. सुपारी कातरत गोड बोलायचा, "उद्या सोडतो रे सूर्यभान. उद्या नक्की."

आणि सूर्यभाननं खरं मानलं. बाकीचे मेंढपाळ कळप घेऊन गंगथडीला, गोदावरीच्या काठाला उतरले, हा भोळा सांब उद्याच्या भरवशावर बसून राहिला. मेंढरं कोरड्या हौदापाशी एकेक करून माना टाकत गेली. "नाय म्हणला असता तर मी निघून गेलो असतो रं," एवढंच तो मरेपर्यंत घोकत राहिला.

त्या घरात एकच माणूस माणसासारखं वागलं. काकासाहेबांची बायको, आवडाबाई. पिण्याच्या पाण्यातली कळशी पदराआड घेऊन मागच्या बांधानं यायची. "पाज रे राजा, पटकन," म्हणायची. कोकरं जगली ती तिच्या कळशीवर.

आता मात्र पाळी हनुमानची होती. म्हाताऱ्याला त्यानं जिने चढायला लावले, पाणी विचारलं नाही. टेबलाशेजारी जार भरलेला होता. आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या या शहरात आल्यागेल्याला पाणी विचारणं हाच मोठा पाहुणचार. तोही त्यानं केला नाही.

दुसऱ्या दिवशी काकासाहेब पुन्हा आले. धापा टाकत बसले.

"प्लॉटाचं राहू दे," ते हळूच म्हणाले. "गेलं तर जाऊ दे. संस्कृतीच्या, पोरीच्या लग्नाचं तेवढं काढून दे."

"लग्नाचीच कशाला घाई?"

"आवडा गेली रे. दिवाळीच्या आधी. तिचा आवाज त्याच्यातच हाय. दुसरीकडं कुठंच नाय."

हनुमान पडद्याकडं वळला. डिस्क घेतली, जोडली, माल सरकवायला लावला. सगळं बिनबोभाट झालं. इतकी जागा मोकळी झाली की दहा लग्नं मावली असती. त्यानं संस्कृतीचं लग्न उघडलं.

मांडव दिसला. नवरीशेजारी आवडाबाई उभी होती, तोच पदर खोचलेला. कुणाला तरी हाक मारायला तिनं हात वर केला, "अगं, आधी पाव्हण्यांना पा…"

तिथंच चित्र थांबलं. हनुमाननं पुढं नेलं, मागं आणलं. पुढचं सगळं त्या लाल खुणांत गेलं होतं.

"हरामखोरा," तो पुटपुटला. शिवी स्वतःलाच होती.

काकासाहेब पडद्याकडं एकटक बघत होते. "उरलेलं कधी?"

सवयीनं 'उद्या' हनुमानच्या ओठांवर आलं. त्यानं ते गिळलं.

"नाय, काका. उरलेलं नाय मिळायचं. मी पहिल्याच दिवशी केलं असतं तर वाचलं असतं."

काकासाहेब खुर्चीचा हात धरून उठले.

"तू सूर्यभानचा. पहिल्याच दिवशी वळखलं मी," ते म्हणाले. "म्हणून तर शिवमला नाय पाठवलं, मीच येत राहिलो. वाटलं, तुझ्या बापावानी मीबी रोज दारात उभा राहिलो की तुझा जीव निवंल, मग देशील." दारापाशी ते क्षणभर थांबले. "बरं झालं, नाय म्हणलास. मला तेवढंबी जमलं नव्हतं."

हनुमाननं घाईनं जारमधून पेला भरला आणि दाराकडं धावला. काकासाहेब कठडा धरून जिना उतरत होते. त्यानं हाक मारली, पण त्यांनी मागं पाहिलं नाही. तो पेला हातात घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला. आत पडद्यावर आवडाबाईचा हात तसाच वर होता.